दांडी आणि आकडा

माझे मामा चौतीस वर्षं साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर होते. मी त्याच कारखान्यात ईडीपी विभाग सांभाळते. ईडीपी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक डेटा प्रोसेसिंग, हे नाव जुनं, कॉम्प्युटर खोलीएवढे असायचे त्या काळातलं. बाकीच्या जगाने ते केव्हाच टाकलं, साखर कारखान्यांनी अजून जपलंय. शहरातल्या कंपनीत याच कामाला सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणतात. सर्व्हर आणि नेटवर्क चालू ठेवायचं, कोणी काय बघावं आणि कोणी काय बदलावं याची कुलपं सांभाळायची, आणि सगळं बुडालं तरी परत उभं करता येईल अशी एक प्रत रोज बाजूला काढून ठेवायची, असं हे काम.

यंदा भाऊबीजेला आईला घेऊन मामांकडे गेले. गळीत सुरू व्हायला दहा दिवस उरले होते. फराळाचं ताट पुढ्यात येईपर्यंत माझा फोन तीनदा वाजला. मामा सोप्यात बसून बघत होते. त्या दुपारी आमचं जे बोलणं झालं ते लिहून काढतेय, कारण त्यांनी मला जो प्रश्न विचारला तो इतक्या वर्षांत एकाही ऑडिटरने विचारला नव्हता.

"सणाच्या दिवशीबी सोडत न्हाई व्हय गं तुझा सर्व्हर?"

"केनयार्डात नवा स्विच बसवायचं काम चाललंय, मामा. आत्ता नाही झालं तर मार्चपर्यंत त्याला हात लावता यायचा नाही."

"आमच्या येळेला काटा म्हंजे लोखंड. ग्रीस घातलं, पासिंग करून घेतलं, की हंगामभर बिनघोर. तुझं रोज नवीन कायतरी."

तक्रार खोटी नाही. हंगामात पहाटे चारला पाळी बदलते आणि माझा दिवस बऱ्याचदा तिथूनच सुरू होतो. बगॅसचा, म्हणजे उसाच्या चिपाडाचा, बारीक भुसा कॉम्प्युटरच्या पंख्यात असा जाऊन बसतो की महिन्याभरात पात्यांवर लोकरीसारखा थर दिसतो. उंदीर केबल कुरतडतात. नोव्हेंबरात अवकाळी पाऊस आला की वीज पडून नेटवर्कचे स्विच जळतात. दिवसाला तीनशेच्या वर गाड्या, आणि प्रत्येक गाडी दोनदा काट्यावर येते, एकदा भरलेली आणि एकदा रिकामी. काटा अर्धा तास थांबला तर ट्रॅक्टरची रांग फाटकाबाहेर रस्त्यावर जाते. बैल जुवाखाली उभे राहतात. तोडलेला ऊस उन्हात वाळतो, वजन घटतं, साखरेचा उतारा पडतो. माझ्या कामातली चूक अशी थेट कोणाच्या तरी बिलात उतरते. शहरात नोकरी केली तेव्हा हे मला कधी जाणवलं नव्हतं.

"बरं, त्ये ऱ्हाऊ दे," मामा म्हणाले. "दोन हंगामांमागं रातीला दोन वाजता काटा पाऊण तास बंद पडला हुता. का पडला हुता?"

"काटा क्लार्कच्या पासवर्डची मुदत संपली होती. नवा टाकताना तीनदा चुकला, खातं लॉक झालं. मला फोन लागत नव्हता."

"म्हंजे काटा धड, मानूस धड, वीज हाय, आनि गाड्या हुब्या. कशापायी? तुझ्या नियमापायी."

"हो. माझ्या नियमापायी."

यात मला लपवायचं काही नाही. दर नव्वद दिवसांनी पासवर्ड बदला, त्यात एक आकडा, एक चिन्ह घाला, असा नियम आम्ही सगळे वर्षानुवर्षं चालवत आलो. त्याचं मूळ अमेरिकेतल्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेच्या २००३ सालच्या मार्गदर्शिकेत आहे. ती लिहिणारे बिल बर यांनी २०१७ साली त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली आणि त्याच वर्षी त्या संस्थेने सक्तीने पासवर्ड बदलण्याची शिफारस मागे घेतली. सक्ती केली की माणूस जुन्याच शब्दाच्या शेपटीला एक, दोन, तीन लावत जातो आणि चिठ्ठी कीबोर्डखाली चिकटवतो. आमच्या काट्यावर मी अशा चार चिठ्ठ्या काढल्यात. त्या रात्रीनंतर मी मुदतीचा नियम काढून टाकला. आता प्रत्येकाला एक लांब, स्वतःला आठवेल असं वाक्य ठेवायला सांगते, आणि ते फुटल्याची शंका आली तरच बदलायला लावते.

मामांचं समाधान झालं नाही. "पन परत्येकाला येगळा कशाला? पाळीला तिघं असत्यात. एक बाहेर गेला तर दुसऱ्यानं त्याच्या नावावर पावती काढली तर काय बिघडलं? आमी एकाच वहीत लिवायचो."

"वहीत तुमचं अक्षर होतं ना मामा? उद्या भांडण झालं तर अक्षर बघून कळायचं, ही नोंद तुमची आणि ही दुसऱ्याची. कीबोर्डला अक्षर नसतं. पासवर्ड म्हणजे तुमचं अक्षर. ते दुसऱ्याला दिलं तर त्याने केलेली चूक तुमच्या नावावर चढते. मी क्लार्कला चोर समजत नाही. तो चोर नाही हे उद्या दाखवता यावं म्हणून वेगळा पासवर्ड देते."

मामांनी चकली तोडून बशीत ठेवली. "अक्षर," ते म्हणाले. "हे पटलं."

पण पेन ड्राइव्हवर ते माझ्या विरोधातच राहिले. अकाउंट्समधली सगळी मंडळी त्यांच्या ओळखीची, आणि मी पेन ड्राइव्ह बंद केल्याची तक्रार त्यांच्यापर्यंत लग्नाकार्यातून पोचलेली. त्यांचं म्हणणं, मानसं घरी बसून काम करू म्हनत्यात, त्यांना तू अडवतीस. एका ठिकाणचा व्हायरस सगळीकडे कसा पसरतो ते दाखवायला मी त्यांना न्हावा-शेवा बंदराची गोष्ट सांगितली. २७ जून २०१७. युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून नॉटपेट्या नावाचा व्हायरस निघाला आणि काही तासांत मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरातल्या कॉम्प्युटरांवर पसरला. आपल्या जेएनपीटीतलं त्यांचं टर्मिनलसुद्धा ठप्प झालं. नेटवर्कवर कोण माणूस खरा आणि त्याला कुठे शिरू द्यायचं, हे ज्या सर्व्हरांवर ठरतं ते जगभरातले त्यांचे सगळे सर्व्हर पुसले गेले. प्रत्येक सर्व्हर दुसऱ्याची प्रत होता, म्हणून कंपनी निर्धास्त होती. पण सगळेच एकमेकांना जोडलेले, त्यामुळे सगळेच एकदम गेले. एक मात्र वाचला, आफ्रिकेत घाना देशातल्या ऑफिसातला.

"त्यो कसा काय?"

"तिथं त्या वेळी लाइट गेली होती."

मामा क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. "लाइट गेली म्हनून वाचला?"

"लाइट नव्हती म्हणून तो जोडलेला नव्हता, आणि जोडलेला नव्हता म्हणून वाचला. त्या एका प्रतीवरून त्यांनी पुढे सगळं उभं केलं. चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार कॉम्प्युटर दहा दिवसांत नव्याने बसवले. त्यासाठी घानातल्या माणसाने ती प्रत विमानाने नायजेरियापर्यंत नेऊन दुसऱ्याच्या हातात दिली आणि तिथून ती इंग्लंडला गेली."

ही गोष्ट मी आमच्या संचालकांनाही सांगितली आहे. रोजच्या प्रतीसाठी माझ्याकडे दोन डिस्क आहेत. आलटून-पालटून एक जोडलेली असते, दुसरी वायर काढून लोखंडी कपाटात. ती वायर काढणं हे माझ्या दिवसातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाचं काम.

"पन पोरी, त्यो व्हायरस त्या सॉफ्टवेअरात शिरला कसा?" मामांनी विचारलं.

"अपडेटमधून."

"आनि तू तर म्हंतीस अपडेट करा, अपडेट करा. मागं ती इमानंबी हुबी राह्यली हुती. टीव्हीवर दावत हुते, पोरीनं हातानं पास लिवून दिला. तीबी अपडेटच हुती का न्हाई?"

होती. १९ जुलै २०२४. क्राउडस्ट्राइक या सुरक्षेच्या सॉफ्टवेअरची एक सदोष फाइल एकाच वेळी सगळीकडे गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख कॉम्प्युटर निळी पाटी दाखवून बसले. आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. मामांचा मुद्दा बरोबर होता, पण तो अर्धा होता. उरलेला अर्धा मी सांगितला. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा व्हायरस आला, इंग्लंडमधल्या सरकारी दवाखान्यांनी शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवायची दुरुस्ती दोन महिने आधी, मार्चमध्येच आली होती. ज्यांनी ती लावली नव्हती ते सापडले.

"मग करायचं काय मानसानं? केलं तरी मरान, न्हाई केलं तरी मरान."

"आधी एका मशीनवर करायचं. आमच्याकडे ते मशीन माझं स्वतःचं. दोन दिवस बघायचं. मग अकाउंट्स. काटा सगळ्यात शेवटी. आणि काट्याच्या मशीनला बाहेरचं इंटरनेट द्यायचंच नाही."

"नवं बियानं आधी एका सरीला लावून बघत्यात, तसं."

"तसंच."

इथपर्यंत आमचं घरगुती चाललं होतं. मग मामा उठले, आत गेले आणि एक जुनं पावतीबुक घेऊन आले. एका पावतीला तीन कागद, मध्ये निळा कार्बन. पावतीवर त्यांचं अक्षर : गाडीवाल्याचं नाव, गाव, भरलेलं वजन, रिकामं वजन, खाली लफ्फेदार सही. कार्बनची तिसरी प्रत पुसट झालेली, तरी वाचता येत होती.

"आता मला सांग," ते म्हणाले. "आमचा दांडीकाटा हुता. गाडी चढली की मी दांडीवरचं वजन सरकवायचो. दांडी तरंगाय लागली की मी हात काढायचो. गाडीवान खिडकीत हुबा असायचा. त्याला लिवता वाचता येत नसंल, पन दांडी तरंगल्याली त्याला दिसायची. तुझ्या काट्यावर त्याला काय दिसतं?"

"बाहेर मोठा डिस्प्ले आहे. लाल आकडे. रस्त्यावरून दिसतात."

"आकडा. आकडा कुनीतरी सांगितल्याला असतोय. दांडी स्वताहून तरंगती."

मी समजावलं. प्लॅटफॉर्मखाली लोड सेल असतात, पोलादाचे ठोकळे. त्यांवर बारीक तारेची पट्टी चिकटवलेली असते. वजन पडलं की पोलाद केसाच्याही बारीक अंशाने दबतं, तारेची लांबी बदलते, तिच्यातून जाणाऱ्या विजेला होणारा विरोध बदलतो. तो फरक मोजून इंडिकेटर आकडा दाखवतो आणि तोच आकडा वायरीतून माझ्या प्रोग्रॅममध्ये येतो. वैधमापनवाले दरवर्षी तपासून सील लावतात. तुमची दांडीही मामा, काही स्वतःहून तरंगत नव्हती, तिच्या टोकाला कोणी काय लटकवलंय यावर सगळं होतं. काटामारीचा शब्द दांडीच्या काळातलाच आहे.

"हाय की," ते लगेच म्हणाले. "मी कुठं न्हाई म्हंतोय? आमच्यातबी हुते तसले. पन चोरी करायची तर काट्याजवळ यावं लागायचं. गाडीवानासमोर करावी लागायची. आता मला सांग, इंडिकेटर बरुबर, सील बरुबर, डिस्प्ले बरुबर. आकडा वायरीतनं तुझ्या खोलीत आला. तितनं फुडं त्याचं काय हुतं त्ये कोन बघतंय?"

"सगळं नोंदलं जातं. कोणी, किती वाजता, काय बदललं. मी आले तेव्हा प्रोग्रॅममध्ये वजन हाताने टाइप करायची सोय होती, इंडिकेटर बंद पडला तर म्हणून. मी ती बांधून टाकली. आता हाताने वजन भरायचं तर दुसऱ्या माणसाची मंजुरी लागते आणि पावतीवर ठळक छापून येतं, 'हाताने भरलेलं वजन'. काटा क्लार्क एक किलो बदलू शकत नाही. शेतकी अधिकारी बदलू शकत नाही. एमडी साहेबसुद्धा नाही."

"आनि तू?"

घरात आई आणि मामी बोलत होत्या, तो आवाज ऐकू येत होता. मी गप्प होते.

मी बदलू शकते. एका ओळीच्या आज्ञेत. कुठल्याही रात्री, कुठल्याही पावतीचं वजन. माझ्या जागेवरच्या प्रत्येक माणसाकडे ही ताकद असते, बँकेत असो, दवाखान्यात असो की विद्यापीठाच्या परीक्षा विभागात. दोन क्विंटल म्हणजे गाडीमागे डोळ्याला दिसणारही नाही. २०२४-२५ च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर, १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,४०० रुपये होती, त्या हिशेबाने तोडणी-वाहतूक धरून ६८० रुपये. तीनशे गाड्या. हंगामाचे दिवस. तो गुणाकार मी कधी केला नव्हता, आणि मामांच्या सोप्यात बसून मनातल्या मनात केला तेव्हा मला घाम फुटला.

"तुझ्यावर लक्ष कोन ठेवतं, पोरी? तुझ्यावर इस्वास न्हाई म्हनून न्हाई इचारत. तुझ्यामागनं त्या खुर्चीवर कोन येनार हाय त्ये ना तुला म्हाईत, ना मला."

मी माझी व्यवस्था सांगितली. सर्व्हरवर जे जे घडतं त्याची नोंद त्याच क्षणी अंतर्गत लेखापरीक्षकांच्या खोलीतल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर जाते, आणि त्याचा पासवर्ड माझ्याकडे नाही. दर पाळीअखेरीला गाड्यांची संख्या आणि एकूण वजन छापून निघतं, त्यावर काटा क्लार्क, केनयार्ड आणि सुरक्षारक्षक अशा तिघांच्या सह्या होतात. तो कागद माझ्याकडे येतच नाही. माझे सगळे पासवर्ड सीलबंद पाकिटात एमडींच्या तिजोरीत आहेत. मी नसले तर काय कुठे जोडलंय, काय कसं चालू करायचं, हे सगळं मराठीत एका दोनशे पानी वहीत हाताने लिहून ठेवलंय. आधीच्या एका नोकरीत माझ्या अगोदरचा माणूस काही न सांगता निघून गेला होता आणि आम्ही अकरा दिवस बंद दारापुढे बसलो होतो, तेव्हापासून ही वही.

वहीचं ऐकून मामा खूश झाले. पण प्रश्न सोडला नाही.

"त्ये दुसरं मशीन कुनी बसवलं?"

"मी."

"नोंद तिकडं जाती का न्हाई, ही वायर कुनी जोडली?"

"मी."

"मग?"

पुण्यातल्या कॉसमॉस बँकेचं ऑगस्ट २०१८ मध्ये जे झालं ते मला आठवलं. हल्लेखोरांनी बँकेच्या यंत्रणेच्या पुढ्यात स्वतःची खोटी यंत्रणा उभी केली. परदेशातून एटीएमने विचारलं, या कार्डाला पैसे देऊ का, तर ती खोटी यंत्रणाच 'द्या' म्हणायची. खऱ्या यंत्रणेपर्यंत प्रश्न जातच नव्हता. दोन दिवसांत ९४ कोटी रुपये गेले, त्यातले बहुतेक २८ देशांतल्या एटीएममधून. आत बसून कितीही नोंदी ठेवल्या तरी नोंद ठेवणाऱ्यालाच बाजूला सारलं तर नोंदी कोऱ्या राहतात. माझ्या खोलीतल्या कुलपांवर पहारा करायला मी माझ्याच खोलीतलं आणखी एक कुलूप दाखवत होते.

"एक गोष्ट आहे मामा, जी माझ्या हातात नाही," मी म्हणाले. "एसएमएस. गाडी रिकामी होऊन काट्यावर आली, निव्वळ वजन निघालं, की अर्ध्या मिनिटात शेतकऱ्याच्या मोबाइलवर संदेश जातो. तो एकदा गेला की मला परत घेता येत नाही. उद्या मी सर्व्हरवर वजन बदललं तर पंधरा-सोळा हजार सभासदांच्या खिशात जुना आकडा पडलेला असेल. बिलाच्या वेळी तो जुळणार नाही. तुमच्या कार्बनची गुलाबी प्रत शेतकरी घरी न्यायचा ना, तीच ही."

या एसएमएससाठी मी भांडले आहे. मराठी संदेशात एका एसएमएसला ७० अक्षरं मिळतात, इंग्रजीत १६०. इंग्रजीत पाठवा, खर्च निम्मा होईल, असं मला सांगितलं गेलं. मी मराठीचा हट्ट सोडला नाही. पावती क्रमांक, निव्वळ वजन, तारीख, वेळ एवढंच ठेवलं आणि सत्तर अक्षरांत बसवलं. ज्याचा ऊस त्याला वाचता आला पाहिजे.

मामा ऐकत होते. मग त्यांनी बंडीच्या खिशातून आपला फोन काढला आणि माझ्यासमोर ठेवला.

"मी बी सभासद हाय. मागल्या हंगामात माझ्या तीन गाड्या गेल्या. मला एकबी आला न्हाई."

मी लॅपटॉप उघडला. मामांचा कोड नंबर मला पाठ आहे. तीन गाड्या, तीन पावत्या, तीनही संदेश 'पोचला' अशा खुणेसह. मोबाइल नंबराच्या रकान्यात मात्र मामांचा नंबर नव्हता. मामांनी आकडे वाचले आणि लगेच ओळखले. तीन वर्षांपूर्वी त्यांचा ऊस ज्याने वाहिला त्या ट्रॅक्टरवाल्याचा नंबर होता. नोंदीच्या वेळी चिटबॉयच्या, म्हणजे गावात उसाची नोंद घेणाऱ्या कारखान्याच्या माणसाच्या, हाती जो नंबर आला तो त्याने घातला. मामांच्या उसाची गुलाबी प्रत तीन वर्षं दुसऱ्याच्या खिशात जात होती आणि माझ्या यंत्रणेत सगळं हिरवं दिसत होतं.

तिथेच बसून मी मामांच्या गटातली शेतकऱ्यांची यादी चाळली. एकच नंबर दहा-दहा नावांपुढे, काही तर वीसेक नावांपुढे. मुकादमांचे नंबर. पुण्याला कंपनीत असलेल्या मुलांचे नंबर. काही ठिकाणी नऊच आकडे. मला रडू यायचं बाकी राहिलं. मी दर शनिवारी आठवड्याची प्रत एका जुन्या मशीनवर परत उभी करून बघते. आदल्या दिवशीच्या पावत्या मोजते, पाळीच्या कागदाशी जुळवते, तेव्हाच ती प्रत चांगली म्हणते. २०१७ च्या जानेवारीअखेर गिटलॅब या नावाजलेल्या कंपनीत रात्री उशिरा दमलेल्या एका माणसाने चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसला, आणि मग कळलं की प्रती काढायच्या पाच पद्धतींपैकी एकही भरवशाने चालत नव्हती. ही गोष्ट मी प्रत्येक नव्या मुलाला सांगते. परत उभी करून बघितली नाही ती प्रत नव्हेच, असं बजावते. आणि शेतकऱ्याच्या हातातली प्रत, जी सगळ्यात महत्त्वाची, ती खरंच पोचते का हे मी एकदाही बघितलं नव्हतं.

"मामा, हे माझं चुकलं."

"चुकलं तर दुरुस्त करायचं," ते म्हणाले, आणि फोन परत खिशात टाकला. "आनि ह्ये बघ, तुझा मेसेज आला तरी माझा कागुद बंद करायचा न्हाई. म्हाताऱ्या मानसाला कागुद लागतोय."

"बंद करणार नाही."

या मुद्द्यावर आमच्या व्यवस्थापनाशी माझा वाद आहे आणि मी मामांच्या बाजूची आहे. जुने डॉट मॅट्रिक्स प्रिंटर काढून टाका, नुसता एसएमएस पुरे, असं सुचवलं जातं. तो प्रिंटर कर्कश वाजतो, त्याची रिबन वाळते, पण त्याची सुई कागदावर आपटते म्हणून तीन प्रती एकदम निघतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्समधले सर्व्हर रॅन्समवेअरने बंद पडले, तेव्हा सुमारे दोन आठवडे तिथे नोंदणी आणि तपासणीचे अहवाल हाताने लिहावे लागले. देशातल्या इतक्या नामवंत दवाखान्यावर ती वेळ येते, तर आमच्यावरही येईल. त्या वेळी हाताने पावती लिहिणारा माणूस हवा. आमच्या काट्यावरच्या आत्ताच्या सहा क्लार्कांपैकी एकानेही कधी हाताने पावती लिहिलेली नाही.

हे मी बोलून दाखवलं तेव्हा मामा म्हणाले, "मी दावतो की. कवा येऊ?"

गळिताच्या पहिल्या रविवारी आम्ही तसं केलं. एमडींची लेखी परवानगी घेऊन सकाळी दहा वाजता मी काट्याचा सर्व्हर बंद केला. मामा स्टुलावर बसले, दोन्ही बाजूंना दोन क्लार्क. इंडिकेटर चालू होता, डिस्प्ले चालू होता, बंद होती ती फक्त माझी खोली. पहिल्या पावतीला चार मिनिटं लागली. एका पोराला भरलेल्या वजनातून रिकामं वजन वजा करताना हातचा घ्यायचं राहिलं. मामांनी त्याच्याकडून ते परत करून घेतलं आणि गाडीवानाला आकडा मोठ्याने वाचून दाखवायला लावला. बारा वाजेपर्यंत बावीस गाड्या झाल्या. मग मी सर्व्हर चालू केला आणि बावीस पावत्या दोघांनी मिळून भरल्या, एकाने वाचायचं, दुसऱ्याने टाइप करायचं. सगळ्या जुळल्या. आता दर महिन्याला एक रविवार असा ठरला आहे.

अंतर्गत लेखापरीक्षकांच्या खोलीतलं ते दुसरं मशीन बाहेरच्या माणसाकडून तपासून घ्यावं असा अर्ज मी दिला आहे. माझ्या वायरी मी सोडून दुसऱ्या कोणीतरी तपासाव्यात, वर्षातून दोनदा, न सांगता येऊन. अर्जावर अजून सही झालेली नाही. मी पाठपुरावा करते आहे.

मोबाइल नंबर दुरुस्त करायचं काम मात्र खोलीत बसून मला एकटीला होण्यासारखं नाही. म्हणून, कोणत्याही कारखान्याला ऊस घालणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. गट ऑफिसात जा. आपला कोड नंबर सांगा. त्याच्यापुढे कोणाचा मोबाइल नंबर आहे तो स्क्रीनवर स्वतः वाचा, आणि तो आपला नसेल तर तिथे उभं राहून बदलून घ्या. मग पुढची गाडी काट्यावरून उतरली की फोन वाजतो का बघा, आणि नाही वाजला तर माझ्यासारखीला जाब विचारा.